मदत हवी आहे: हुप्प्या चावतोय! (सॉफ्ट टॉयमध्ये घुसलेली कुसळं कशी काढायची?)

नमस्कार मंडळी. वाचून हसू येईल पण घरात प्रकरण गंभीर आहे म्हणून लिहितोय.

माझी लेक चिऊ, वय सहा, आणि तिचं माकड हुप्प्या. ते लांब हातांचं माकड असतं बघा, दोन्ही पंजांना व्हेलक्रो, गळ्यात हात टाकून अडकवता येतं, तसलं. तिच्या पहिल्या वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं. एक डोळा मूळचा आणि दुसरा आमच्या आईनं माझ्या जुन्या शर्टाचं बटण लावून केलेला. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो त्यामुळं डोंगर म्हणजे घराच्या मागंच, आणि चिऊ जिथं जाईल तिथं हुप्प्या. अजिंक्यताऱ्याला तर जवळजवळ दर रविवारी, सज्जनगडाच्या पायऱ्या झाल्या, यवतेश्वर झालं, ठोसेघरचा पाऊस झाला, कासलाही जाऊन आला. तिची एक वही आहे त्यात ती गडाचं नाव, हुप्प्यानं काय खाल्लं आणि हुप्प्या घाबरला का एवढं लिहिते. हुप्प्या प्रत्येक गडावर घाबरलेला आहे, चिऊ एकाही नाही.

तर मागच्या रविवारी एका ग्रुपबरोबर कल्याणगडाला गेलो. नांदगिरी गावातनं वर चढताना गवत वाळून कमरेएवढं झालेलं आणि हुप्प्या माझ्या सॅकला मागं लटकलेला, म्हणजे तासभर तो गवतातनं झाडूसारखा ओढला गेला आणि मला पत्ता नाही. वर पहिल्या दरवाज्याजवळ ती पाण्याची गुहा आहे ना, कठड्याला धरून अंधारात पाण्यातनं आत जायचं आणि शेवटी पार्श्वनाथ आणि दत्ताच्या मूर्ती, तिथं चिऊ म्हणाली हुप्प्यालाही दर्शन घ्यायचंय. घेतला कडेवर. आत व्हेलक्रो सुटला आणि हुप्प्या डुबुक. टॉर्च मारून काढला, पिळला, परत लटकवला. ग्रुपमधले एक काका म्हणाले "एवढ्या मोठ्या पोरीला खेळणी कशाला आणू देता डोंगरावर", त्यावर चिऊ दिवसभर गप्प. ते मला जास्त लागलं, असो.

घरी आल्यावर मी शहाणपणा केला. वरवर दिसत होती तेवढी कुसळं उपटली, बादलीत साबणाचं पाणी करून हुप्प्या रात्रभर भिजवला, सकाळी कान चिमट्यात पकडून दोरीवर. दोन दिवस वाळला नाही. वाळला तर पोटातला कापूस सगळा खाली पायात गोळा. आणि रात्री चिऊ रडत उठली, "बाबा हुप्प्या चावतोय." लाईट लावून बघतो तर गालावर लाल टिपका. हात फिरवला की काही लागत नाही, दाबलं की टोचतं. आत गेलीत सगळी.

प्रश्न असे:
आत गेलेली कुसळं कशी काढायची? पोट फाडावं लागणार का आणि मला सुईत दोराही ओवता येत नाही.
डिसेंबरात वासोट्याच्या किल्ल्यावर जायचंय, हुप्प्याला न्यायचं तर कसं?
नवीन आणा हे उत्तर नको. बायकोनं तो प्रस्ताव मांडून झालाय आणि फेटाळला गेलाय.

– घाटमाथा_बाबा

चहाबाज
नवीनच आणा की राव. तीनशे रुपयात येतंय. रात्री गुपचूप बदलायचं, पोरांना काय कळतंय.

घाटमाथा_बाबा
@चहाबाज बटणाचा डोळा, डाव्या कानाचा चावलेला कोपरा आणि वास. तीनही कुठल्या दुकानात मिळतील ते सांगा, लगेच जातो.

माळरान
बाबा, भिजवलंत तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडं माणदेशात मेंढरं आहेत त्यामुळं कुसळाशी जुनं वैर. एक कुसळ घेऊन नीट बघा. पुढं सुईसारखं टोक, टोकाच्या मागं तांबूस बारीक केस आणि ते केस मागच्या दिशेला झुकलेले, म्हणजे आत जाताना सपाट होतात आणि मागं ओढलं की अडकतात. त्याच्या मागं काळपट शेपूट, पिळलेल्या सुतळीसारखी. ही शेपूट ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो. ओलं-वाळलं झालं की दाणा स्वतःच फिरत मातीत घुसतो, गवताची ती पेरणीच आहे. शास्त्रीय नाव हेटरोपोगॉन कंटॉर्टस, त्यातलं कंटॉर्टस म्हणजे पिळलेलं. तुम्ही गुहेत एकदा आणि बादलीत एकदा पाणी दाखवलंत, कुसळांना वाटलं पाऊस आला, झाली पेरणी हुप्प्याच्या पोटात.

खात्री करायची तर तळहातावर थुंकी लावून एक कुसळ ठेवा, घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. चिऊला दाखवा, मजा वाटेल.

मेंढराच्या लोकरीतनं कातडीपर्यंत जातं हे, खेळण्याचं काय घेऊन बसलात. नियम एकच, आल्या वाटेनं मागं ओढायचं नाही, पुढंच काढायचं. आणि काम होईपर्यंत माकड पोरीच्या अंथरुणात देऊ नका, गालावर आलंय ते डोळ्यापाशी यायला वेळ लागत नाही.

घाटमाथा_बाबा
@माळरान थुंकीचा प्रयोग केला. सहा वेळा करून झालाय, अजून चालू आहे. आज्जीला पण करायला लावलाय.

सुईदोरा
कराडहून लिहितेय. ब्लाऊज शिवायचं काम करते, नातवंडांच्या बाहुल्यांची ऑपरेशनं फुकट. माळरानदादांनी बरोबर सांगितलंय, आता मी पुढचं सांगते. घाबरू नका, मशीन लागत नाही.

आधी बाहेर दिसणाऱ्या सगळ्या शेपट्या बारीक कात्रीनं कापून टाका, नायतर परत ओल लागली की परत वळणार. मग पाठीवर हात फिरवा, मधोमध किंवा ढुंगणाच्या वर एक शिवण जरा जाड, वेडीवाकडी लागेल, ती हातानं घातलेली असते कारण कारखान्यात तिथनंच कापूस भरून शेवटी तोंड बंद करतात. तीच उसवायची, दुसरीकडं कुठं कात्री लावू नका. चार बोटं जातील एवढंच तोंड करा.

कापूस सगळा बाहेर काढा, हातापायातला पण, पेन्सिलीच्या बोथट टोकानं ढकलून. तो फेकून द्यायचा, त्यात तुटलेली टोकं असणारच आणि निवडत बसलात तर दिवाळी येईल. फक्त मूठभर, डोक्यातला, जिथं कुसळं गेली नसतील तिथला, उजेडात बघून बाजूला ठेवा. का ते शेवटी सांगते.

आता रिकामं कातडं उलटं करा, मोजा उलटा करतो तसं. आतल्या बाजूनं कुसळांची टोकं वर आलेली दिसतील, दाढीच्या खुंटासारखी. भुवयांचा चिमटा घ्यायचा आणि टोकाला धरून पुढं ओढायचं, सरळ येतात. खाली पांढरा कागद ठेवा. एका हातात मोबाईलचा टॉर्च कापडाच्या खालनं लावलात तर राहिलेली पण काळी रेघ म्हणून दिसतात. झालं की उलट्याच बाजूवर नायलॉनचा जुना पायमोजा फिरवा, कुठं अडकला तर तिथं अजून एक आहे.

भरायला गादीवाल्याकडं रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम कापूस, मागा, पाव किलो घेतलं तरी उरेल. गोळे करून कोंबायचं नाही, पिंजून थोडं थोडं, आधी हातपाय मग डोकं मग पोट. तो ठेवलेला जुना मूठभर कापूस पोटाच्या अगदी वरच्या थरात, कापडाला लागून. वास तिथनं येतो.

शिवताना दुहेरी दोरा. दोन्ही काठ आत दुमडायचे, या काठात एक टाका, समोरच्या काठात एक टाका, शिडीसारखं जात राहायचं, दोन बोटं झालं की दोरा ओढायचा, टाके आत गडप होतात. इस्त्री अजिबात फिरवू नका हं, ही लव प्लास्टिकचीच असते, चिकटून जाते. दोरा ओवता येत नसेल तर आईंना सांगा, ज्यांनी बटणाचा डोळा लावला त्यांना हे जमणार नाही असं होणारच नाही.

एकटा_भटक्या
त्या काकांना माझ्याकडनं नमस्कार सांगा. माझं वय 34, सॅकच्या वरच्या कप्प्यात गेली आठ वर्षं एक कापडी कासव असतं आणि वासोटा त्यानं दोनदा केलाय. 2020 च्या मे महिन्यात स्पेसएक्सच्या यानातनं दोन अमेरिकन अंतराळवीर गेले, त्यांच्याबरोबर टिकल्याटिकल्यांचा एक कापडी डायनासोर होता, दोघांच्या मुलांनी निवडून दिलेला. यान वर गेलं आणि तो तरंगायला लागला की वजनरहित अवस्था आली हे कळतं, असलं कापडी खेळणं न्यायची पद्धतच आहे. जपानात तर बाहुल्यांना सहलीला नेणारी ट्रॅव्हल एजन्सी निघाली होती, मालक घरी आणि बाहुली फिरायला, फोटो मालकाला. मग चिऊ तर निदान स्वतः चालत येतेय.

अजून एक गंमत, ज्या व्हेलक्रोनं हुप्प्या लटकतो तो पण असल्याच चिकटणाऱ्या बियांमुळं सुचला. एक स्विस इंजिनियर कुत्र्याला घेऊन हिंडून आला, कुत्र्याच्या केसात काटेरी बोंडं अडकलेली, त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर टोकाला बारीक आकडे. त्यावरनं व्हेलक्रो.

आता कामाचं. सॅकला बाहेर लटकवू नका, नोव्हेंबर ते पावसाळ्यापर्यंत तर नकोच. वरच्या चेनमधनं फक्त डोकं बाहेर. अंगाला जुन्या विंडचीटरच्या कापडाचं जाकीट शिवून घ्या, त्या गुळगुळीत कापडावर कुसळ टिकत नाही. आणि कमरेला एक नाडी, नाडीचं दुसरं टोक सॅकला, गाठ मारून. व्हेलक्रोच्या भरवशावर राहू नका, भिजला आणि त्यात कचरा भरला की पकडत नाही, तुमच्या गुहेत तेच झालं. त्यात भरलेली काडी-कचरा टाचणीनं काढा, परत चिकटेल.

वासोट्याला बामणोलीतनं लाँचनं जाणार ना, लाँचमध्ये काठावर बसून हुप्प्याला पाणी दाखवायचं नाही. शिवसागर जलाशय आहे तो, कल्याणगडाची गुहा नाही, टॉर्च मारून काढता येणार नाही. पलीकडं अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प, वनखातं प्लास्टिक मोजून आत सोडतं, तर हुप्प्यालाही मोजूनच आणा परत. जंगलात राहिला तर तो पण कचराच.

रानजाई
आणि फोटोसाठी कठड्यावर बसवून मागं सरकू नका. आमच्या भाचीचा अख्खा ससा महाबळेश्वरला माकडानं नेला. वर झाडावर बसून त्यानं त्याच्या पोटातला कापूस काढून बघितला, खायचं काही नाही म्हटल्यावर दिला टाकून. भाची तीन दिवस जेवली नाही. तुमचा तर माकडच, नातेवाईक समजून नेतील.

घाटमाथा_बाबा
अपडेट. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं. सर्जन आज्जी, नर्स चिऊ, मी टॉर्च धरणारा. सुईदोराताई, शिवण ढुंगणाच्या वरच निघाली, अगदी तुम्ही म्हणालात तिथं.

कातडं उलटं केल्यावर बघवेना, टोकंच टोकं. चिऊनं वर्तमानपत्रावर रांगेत मांडून मोजली, 61. डाव्या पायात सगळ्यात जास्त, कारण तो पाय सॅकवरनं खाली लोंबत होता. आणि उजव्या हातात कापसाच्या आत शेंगदाण्याचं टरफल सापडलं, ते कसं गेलं कुणालाच माहीत नाही, चिऊचं म्हणणं त्यानं लपवून ठेवलेलं. ते परत आत ठेवावं लागलं.

रेक्रॉन आणलं, भरलं, आज्जीनं शिडीचे टाके घातले, मोजा फिरवला, कुठं अडकला नाही. मी स्वतःच्या गालावर दहा मिनिटं दाबून बघितला. पेशंटला कंदी पेढा दिला, नेहमीप्रमाणं तो नर्सनं खाल्ला. वहीत नोंद: "कल्याणगड. पाणी प्याला. घाबरला. 61."

पण एक अडचण आहे. चिऊ म्हणते टोचत नाही पण हुप्प्या "सांगितलेलं ऐकत नाही". म्हणजे मिठी मारली की मान खाली पडायची ती आता पडत नाही, ताठ बसतो. झोपताना खांद्यावर डोकं टेकवत नाही म्हणून रुसून बसलीये. ताई, परत उसवायचं?

सुईदोरा
अहो जास्त भरलाय. आईंनी मायेनं भरला असणार, सगळ्या आज्ज्या तेच करतात. पूर्ण उसवू नका, चार टाके सोडा, मानेतला आणि पोटाच्या वरचा मिळून दोन मुठी कापूस काढा, बंद करा. पाच वर्षांच्या मिठीनं जुना कापूस मानेपाशी दबलेला असतो, नवीनला ते माहीत नाही.

घाटमाथा_बाबा
दोन मुठी काढला. मान पडली. आत्ता झोपलेत दोघं.