जलपर्णी काढली की पाणी वाचतं?

माळावरचा: आमच्या गावतळ्यातली जलपर्णी काढायला ग्रामपंचायत यंदा पुन्हा खर्च करणार म्हणते. माझ्या मते करावाच. एप्रिलमध्ये गच्चीवर दोन टब ठेवले होते, एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात जलपर्णी. आठ दिवसांत मोकळ्या टबातलं पाणी चार बोटं उतरलं, जलपर्णीच्या टबातलं सात! हेक्टरभर तळ्यावर एक मिलिमीटर जास्त उडालं तरी १०,००० लिटर, म्हणजे टँकर गेला. दक्षिण आफ्रिकेत तर १९९५ पासून पाण्यासाठीच परदेशी झाडं तोडताहेत.

कृष्णाकाठ: असहमत. टबानं तुम्हाला फसवलंय. पानं काठाबाहेर लोंबतात, चहूबाजूंनी गच्चीचा तापलेला वारा खातात. तळं गच्च भरलं की मधल्या रोपाला फक्त वरचं ऊन. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, ती काय जलपर्णी घरून आणते? म्हणून तर लहान टाक्यांतले दुप्पट-तिप्पटीचे आकडे फुगलेले निघतात.
आणि आफ्रिकेतलं उदाहरण इथे लागू नाही. तिथे झाड जाऊन कमी पाणी पिणारं गवत-झुडूप येतं. इथे जलपर्णी जाऊन उघडं पाणी येतं, आणि ते वैशाखात उडतंच की.

माळावरचा: तळ्याला काठ नसतो का? आमचं जेमतेम दोन एकरांचं, भोवती उघडा माळ. तिप्पट सोडा, सव्वापट धरा. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर उडत असेल तर वरचे २ मिलिमीटर म्हणजे दिवसाला १६,००० लिटर.

कृष्णाकाठ: लहान तळ्यापुरतं मान्य. उजनीच्या फुगवट्याला हा हिशेब लावू नका म्हणजे झालं.

सुगरण_ताई: दोघांचं गणित छान, पण काढलेली जलपर्णी जाते कुठे? आमच्याकडे पोकलेननं उपसून काठावरच ढीग लावला. वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच, वाहून न्यायला ठेकेदाराला परवडत नाही म्हणे. पहिल्याच वळवात निम्मा ढीग परत तळ्यात! शिवाय गाळातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, दरवर्षी काढतात आणि दरवर्षी येते. वरून सांडपाण्यातून नत्र-स्फुरद येतंय तोवर ही पंगत उठायची नाही.

माळावरचा: मग काढायचीच नाही?

सुगरण_ताई: काढा की. खाली उजेड नाही, प्राणवायू नाही, मासे मरतात, डास होतात, एवढं पुरे आहे. पण ठरावात ‘पाणीबचत’ लिहू नका. पुढच्या मे महिन्यात तळं आटलं की लोक विचारतील, वाचलेलं पाणी कुठंय? आणि आधी गटाराचं तोंड वळवा.

माळावरचा: गटार सरपंचांच्या वाड्यावरून येतं, तो वेगळा धागा होईल. 😀 गोठ्यामागे गुरांची जुनी दगडी डोण पडलीय. ती काठोकाठ भरून पुन्हा मोजतो, पानं बाहेर लोंबू देणार नाही.

कृष्णाकाठ: डोण जमिनीत गळ्यापर्यंत पुरा. आणि म्हशींना लांब बांधा, नाहीतर आकडा पाचपट येईल.