तंत्रज्ञान नवोन्मेष व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी: सहा वर्षांच्या नोकरीनंतर घ्यावी का?

शोधयात्री (धागाकर्ता)

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स अभियंता असून गेली सहा वर्षे एका कंपनीच्या संशोधन व विकास विभागात काम करत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या तिघांच्या गटाने औद्योगिक पंपांची कंपने मोजून बेअरिंग खराब होण्याची पूर्वसूचना देणारे एक छोटे उपकरण तयार केले. प्रयोगशाळेत ते उत्तम चालले. मात्र आढावा बैठकीत "हे विकत कोण घेणार, बसवणार कोण आणि बिघडले तर दुरुस्तीला जाणार कोण?" असे विचारले गेले, तेव्हा आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. प्रकल्प तिथेच थांबला. चाचणीसाठी बनवलेले पाचही नमुने, माझ्याच अक्षरातील क्रमांकांच्या चिठ्ठ्यांसह, आजही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पडून आहेत.

तेव्हापासून तंत्रज्ञान नवोन्मेष व्यवस्थापनातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार मनात घोळत आहे. हा अभ्यासक्रम एमबीएहून खरोखर वेगळा असतो का, की त्याच विषयांना नवे नाव दिलेले असते? आणि तो नोकरी सोडून पूर्णवेळ करावा, की नोकरी सांभाळून? ज्यांनी तो केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मधलीवाट

मी हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून तीन वर्षांत पूर्ण केला. आपल्याला बैठकीत जे प्रश्न विचारले गेले, त्यांच्याभोवतीच त्याचा बराचसा भाग गुंफलेला होता, त्यामुळे आपला प्रश्न वाचून राहवले नाही.

एमबीएमध्ये चालू व्यवसाय कसा चालवावा यावर भर असतो; इथे जे अजून बाजारात आलेलेच नाही, त्याच्याबद्दल निर्णय कसे घ्यावेत हे शिकावे लागते. आम्हाला पहिल्याच सत्रात सीटी स्कॅनरचे उदाहरण अभ्यासायला दिले होते. ईएमआय या ब्रिटिश कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण तोपर्यंत बाजारपेठ ईएमआयच्या हातून निसटत चालली होती, आणि थोड्याच काळात कंपनीला त्या व्यवसायातून बाहेर पडावे लागले. यंत्र उत्तम होते, पण रुग्णालयांना विक्री करण्याचा, तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा आणि दुरुस्तीची सेवा पुरवण्याचा अनुभव जनरल इलेक्ट्रिकसारख्या प्रतिस्पर्ध्यांकडे होता. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड टीस यांनी १९८६ साली याच मुद्द्याची मांडणी 'पूरक मालमत्ता' (शोध बाजारात नेण्यासाठी लागणारी विक्री, सेवा यांसारखी साधने) या संकल्पनेतून केली. आपल्या बैठकीतील "दुरुस्तीला जाणार कोण" हा प्रश्न नेमका तोच आहे, आणि म्हणूनच मला तो प्रकल्प हाणून पाडण्यासाठी विचारलेला प्रश्न वाटत नाही.

दुसरे उपयोगी साधन म्हणजे नासाने विकसित केलेली तंत्रज्ञान-सज्जतेची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी. प्रयोगशाळेत चाललेला नमुना चौथ्या पायरीवर असतो; प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली प्रणाली नवव्या. मधल्या पायऱ्यांवरच सर्वाधिक पैसा आणि संयम खर्ची पडतो, आणि बहुतेक अभियंते (मीही त्यांतलाच होतो) चौथ्या पायरीवर उभे राहून नवव्या पायरीची भाषा बोलतात.

मला सर्वांत अधिक शिकवले ते एका साध्या गृहपाठाने. संभाव्य ग्राहकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या आणि माझ्या यादीतील पहिला प्रश्न होता, "असे उपकरण मिळाले तर आपण वापराल का?" प्राध्यापिकांनी त्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिले, "याला सगळे हो म्हणतील." त्याऐवजी "मागच्या वेळी यंत्र बंद पडले तेव्हा आपण सर्वांत आधी कोणाला फोन केलात आणि त्या दिवशी किती खर्च आला?" असे विचारायला त्यांनी सांगितले. उत्तरे इतकी वेगळी आली की माझ्या प्रकल्पाचा ग्राहकच बदलला: मी देखभाल प्रमुखांसाठी उत्पादन आखत होतो, पण थांबलेल्या यंत्राचा भुर्दंड उत्पादन विभागाच्या माथी पडत होता.

तेव्हा माझे मत असे की नोकरी सोडू नये. वर्गात शिकलेले दुसऱ्या दिवशी कामावर तपासून पाहता येते, आणि या विषयात ती सोय फार मोलाची आहे.

परिपथ

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एका बाबतीत सावध करावेसे वाटते. या नावाखाली चालणारे सर्व अभ्यासक्रम एकसारखे नसतात. काही ठिकाणी ते अभियांत्रिकी विभागात चालतात व प्रबंध सक्तीचा असतो. काही ठिकाणी मात्र व्यवस्थापनाच्या सामान्य विषयांनाच दोन-तीन ऐच्छिक विषयांची जोड दिलेली असते. प्रवेश घेण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध मागवून वाचावेत. त्यांत एखाद्या खऱ्या उत्पादनाविषयी खरा निर्णय घेतलेला दिसला नाही, तर तो अभ्यासक्रम आपल्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कंपनीतील उपकरण प्रबंधाचा विषय म्हणून घेणार असाल, तर आधी गोपनीयतेच्या करारातील कलमे वाचून कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी प्रबंध खुला झाला, तर शोधाचे नावीन्य संपुष्टात आले असे मानून पेटंट नाकारले जाऊ शकते. अमेरिकेत शोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला १२ महिन्यांची सवलत मिळते. युरोपीय पेटंट व्यवस्थेत तशी सर्वसाधारण सवलत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने परिषदेत भित्तिपत्रक लावले आणि अर्ज नंतर केला. त्या एका दुपारीपायी युरोपातील हक्क गेला.

चाळणी

मी उत्पादन व्यवस्थापकांच्या नेमणुकीसाठी मुलाखती घेतो, म्हणून थोडक्यात लिहितो. केवळ पदवी पाहून आम्ही कोणाला घेत नाही. "आपण कोणता प्रकल्प बंद करण्याची शिफारस केलीत आणि कशाच्या आधारावर?" हा माझा ठरलेला प्रश्न असतो. ज्यांनी हा अभ्यासक्रम मनापासून केलेला असतो, ते याचे उत्तर आकड्यांसह देतात. तांत्रिक सखोलतेचीच आवड असेल, तर मात्र एमटेक करावे. आवड नसताना व्यवस्थापनाकडे वळलेले चांगले अभियंते दोन्हीकडून तुटलेले मी पाहिले आहेत.

शोधयात्री (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चाळणी, आपल्या शेवटच्या वाक्याने मला रात्रभर विचार करायला लावले. मला सर्किट आवडते हे खरेच, पण ते खणात पडून राहिलेले बघवत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे नोकरी न सोडता अर्धवेळ अभ्यासक्रमासाठी अर्ज करण्याचे ठरवले आहे. परिपथ यांनी सांगितल्याप्रमाणे दोन विभागांकडे जुन्या प्रबंधांची मागणी केली असून कंपनीच्या विधी विभागालाही आज पत्र दिले. तोवर मधलीवाट यांचा तो प्रश्न घेऊन एका पंपगृहाच्या पर्यवेक्षकांना भेटणार आहे. त्यांनी गुरुवारची वेळ दिली आहे.