औषध बदलून स्वस्त मिळालं, तेव्हा काय वाटलं? अनुभव लिहा

डॉक्टरांनी आईची रक्तदाबाची गोळी बदलली. घटक तोच, डोस तोच, कंपनी दुसरी, खर्च बराच कमी. आईने गोळी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ही लागू पडेल ना?" वर्षानुवर्षं ज्या गोळीवर भरवसा ठेवला ती कारण न सांगता बदलली, तर शंका येणारच. तुमच्याकडे काय झालं? बरं-वाईट दोन्ही लिहा.

*

मी फार्मसिस्ट आहे. "हलकं औषध दिलंत का?" हे सतत ऐकते. जेनेरिकला, म्हणजे तोच घटक असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त औषधाला, मान्यता देण्याआधी सहसा औषध रक्तात किती आणि किती वेगाने पोचतं, हे मूळ औषधाशी ताडून पाहतात. त्यातली ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा ऐकून लोकांना वाटतं की गोळीत औषधच २० टक्के कमी असतं. तसं अजिबात नाही. ती मर्यादा चाचणीतल्या आकडेमोडीची आहे, प्रत्यक्षात सरासरी फरक सहसा थोडाच निघतो.

माझी काळजी वेगळीच आहे. एका आजोबांनी गोळ्यांचा डबा दाखवायला आणला. सकाळच्या कप्प्यात एक पांढरी गोल गोळी, शेजारी एक गुलाबी लांबट. दोन्ही अ‍ॅम्लोडिपिन, रक्तदाबाचंच औषध! जुनी संपवायची म्हणून, नवी डॉक्टरांनी लिहिली म्हणून. म्हणजे डोस दुप्पट; पाय का सुजताहेत याचा उलगडा तिथेच झाला. कृपया पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव नाही, घटकाचं नाव वाचा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी पट्टी बाजूला काढून द्या.

*

माझी थायरॉइडची गोळी बदलली आणि धडधड सुरू झाली. "मनाचे खेळ" म्हणून बोळवण झाली, त्याचा फार राग आला. दुसऱ्या डॉक्टरांनी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला लावलं आणि डोस किंचित कमी केला. या गोळीतला घटक, लेव्होथायरॉक्सिन, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यामुळे बदलानंतर तपासणी हवीच.

पुढे वाचनात आलं की न्यूझीलंडमध्ये २००७ साली याच औषधाच्या गोळीतले पूरक पदार्थ बदलले, मूळ घटक तोच राहिला, तरी तक्रारींचा पूर आला. बातम्यांमुळे तो आणखी वाढला. म्हणून त्या लोकांचा त्रास खोटा होता, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही.

*

मुलीला फिट्स येतात. तिच्या औषधाची कंपनीसुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय बदलू नका, असं न्यूरॉलॉजिस्टनी बजावलंय. आम्ही ते काटेकोर पाळतो.

*

वडिलांचं कोलेस्टेरॉल काही केल्या उतरेना. डॉक्टर डोस वाढवणार होते, पण आधी त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, रोज घेताय ना?" तेव्हा बाबा बोलले. पाकीट जास्त दिवस पुरावं म्हणून ते दिवसाआड घेत होते. डॉक्टरांनी त्याच डोसची जेनेरिक अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन लिहून दिली. दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी ठेवून घटकाच्या नावावर बोट फिरवलं, गोळी वेगळी दिसेल हेही सांगितलं. बाबा आता रोज घेतात. पुढच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली आलं होतं.