थ्रीडी अॅनिमेशन शिकणाऱ्यानेही आधी कागदावर चेंडू उसळवायलाच हवा का?

पेन्सिलटोक:
माझं मत, हवाच. आता पोरं पहिल्याच आठवड्यात ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडतात, तयार रिग (हलवता येणारा कॅरेक्टरचा सांगाडा) घेतात, दोन कीफ्रेम (हालचालीतल्या मुख्य पोझ) टाकतात, मधलं सगळं सॉफ्टवेअर भरतं आणि मग ते कॅरेक्टर नुसतं तरंगत राहतं, वजनच नाही त्याला. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टननी १९८१च्या पुस्तकात १२ तत्त्वं मांडली, पण ती डिस्नेमध्ये १९३०च्या दशकात कागदावरच सापडलेली. चेंडू आदळून चपटा झाला की रुंदही व्हायला हवा, नाहीतर लहान झाल्यासारखा वाटतो. वर पोचताना चित्रं जवळजवळ, खाली येताना लांबलांब. सेकंदाला २४ फ्रेम, टूजवर (एक चित्र दोन फ्रेम धरून) केलं तरी १२ चित्रं हाताने काढायची, तेव्हा कुठे टायमिंग अंगात भिनतं.

रिगवाला:
असहमत. टायमिंग हातात नसतं, नजरेत असतं. पिक्सारची १९८६ची शॉर्टफिल्म 'लक्सो ज्युनियर' बघा, धातूचा टेबललॅम्प, ना डोळे ना तोंड, दाबून चपटा तर होऊच शकत नाही, तरी उडी मारायच्या आधी सांध्यांत वाकून दबतो आणि आपल्याला लगेच कळतं की हे लहान पोर आहे. स्क्वॉश (दबणं) पण तोच आणि अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी) पण तेच. ती बनवणाऱ्या जॉन लॅसेटरने पुढच्याच वर्षी सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्स परिषदेत पेपर मांडून हे सगळं थ्रीडीत कसं बसतं ते सांगितलं. तुमचं जवळजवळ-लांबलांब ग्राफ एडिटरच्या कर्व्हमध्ये (सॉफ्टवेअरमधला हालचालीचा आलेख) स्वच्छ दिसतं की.

पेन्सिलटोक:
लॅसेटर स्वतः कॅलआर्ट्स या अमेरिकन कला महाविद्यालयात हाताने शिकून डिस्नेत काम केलेला माणूस आहे हो! कर्व्ह दिसतो सगळ्यांना, कुठला मोडायचा हे त्याला आधीच माहीत होतं.

भिंगरी:
तुम्ही दोघं डिस्नेची आवड म्हणजेच अॅनिमेशन धरून चाललाय. यूपीए या अमेरिकन स्टुडिओचा कार्टूनपट 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग' सपाट, बॅकग्राउंड जवळपास नाहीच, तरी त्याला ऑस्कर मिळालं. जपानच्या ओसामू तेझुकांनी १९६३ला 'अॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणला तो कमीत कमी चित्रांत, पोझ धरून ठेवायची आणि गोष्ट पुढे न्यायची. तिथे चेंडू नाही, स्टेजिंग, म्हणजे पोझ आणि दृश्याची स्पष्ट मांडणी, कामाला येतं. पोज नुसती काळी सावली करून बघा, कॅरेक्टर काय करतंय ते कळलं तर पास. नवशिक्याला मी हे आधी शिकवेन.

कट्टेकर:
मुंबईत १९५६ला फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली अॅनिमेटर राम मोहन तयार झाले. आपल्याकडची अख्खी परंपरा पेन्सिलीतून आलीय. +१ पेन्सिलटोक.

रिगवाला:
तेव्हा दुसरं साधनच नव्हतं ना! भिंगरीचं सावलीवालं मान्य. पण ज्याला चित्र काढता येत नाही आणि नजर चांगली आहे, अशा पोराला कागदापायी पहिल्याच महिन्यात घालवू नका. पिठाचं पोतं चालवायला द्या, उदास पोतं, खुश पोतं, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये करू द्या.

पेन्सिलटोक:
पोतं द्याच, पण आधी त्याच्या पाच पोझ कागदावर. नुसत्या काड्यांच्या असल्या तरी चालतील.