‘द रेड चॅपेल’: राजवट उघडी पाडण्यासाठी माणसाला फसवावे का?

रानवाट:
मॅड्स ब्रूगर यांचा ‘द रेड चॅपेल’ (२००९) हा डॅनिश माहितीपट नुकताच पाहिला. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली ते दोन विनोदी कलाकारांना घेऊन उत्तर कोरियात जातात. दोघेही दक्षिण कोरियात जन्मलेले आणि डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेले. त्यांपैकी जेकब नॉसेल यांना सेरेब्रल पाल्सी (हालचाल आणि बोलणे अवघड करणारा मेंदूशी निगडित विकार) आहे. सरकारने सोबत दिलेल्या श्रीमती पाक जेकबवर आईसारखी माया करू लागतात, आणि खरा हेतू त्यांच्यापासून लपवलेला असतो. राजवटीचे खोटे दाखवण्यासाठी एका बाईंशी असे खोटे वागावे का?

काजवा:
माझ्या मते दुसरा मार्गच नव्हता. उत्तर कोरियाचे अधिकारी सगळे चित्रीकरण तपासत असत. मात्र जेकब यांचे अडखळत बोललेले डॅनिश त्यांना उमगत नसे, म्हणून त्या चमूत मनातले उघडपणे बोलण्याची मुभा एकट्या जेकबनाच होती. मुद्दाम बाष्कळ रचलेला कार्यक्रम अधिकारी रद्द करत नाहीत, तर तालमीत बदल सुचवत सुचवत त्याचा पार कायापालट करतात आणि जेकबना मागे सारतात. अपंग कलाकाराला रंगमंचावर तो आहे तसा उभा राहू न देणारी व्यवस्था कशी असते, हे त्या तालमीच दाखवतात. ब्रूगर यांच्या निवेदनाची तिथे गरजही भासत नाही.

पारिजात:
तालमींबद्दल सहमत आहे, परंतु मूळ प्रश्न श्रीमती पाक यांचा आहे. अमेरिकाविरोधी मोर्चात जेकब मूठ उगारायला नकार देतात आणि ब्रूगर त्यांची मनधरणी करतात, तेव्हा नैतिकतेची चाड कोणाला आहे हे स्पष्ट दिसते. कलाकारांना मायदेशी परतायचे होते. पाकबाईंना तिथेच राहायचे होते, आणि त्यांचा चेहरा जगभर दाखवला गेला. ही जोखीम त्यांना न विचारता त्यांच्या माथी मारली गेली, याचे मला फार वाईट वाटते.

रानवाट:
दोघांचेही आभार. उत्तर कोरियातील मानवी हक्कांबाबत २०१४ साली अहवाल देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगालाही त्या देशात प्रवेश मिळाला नव्हता. देश सोडून आलेल्यांच्या साक्षींवर त्याला भिस्त ठेवावी लागली. त्यामुळे वेशांतराची गरज मला पटते. मात्र साक्षीदारांच्या जिवाला धोका असेल तिथे आयोगाने त्यांची ओळख गुप्त ठेवली. पाकबाईंच्या बाबतीत तेवढी काळजी घ्यायलाच हवी होती, मग त्यापायी काही प्रसंग गाळावे लागले असते तरी चालले असते.