मदत हवी आहे : शनिवारी संध्याकाळी फोर्ट-कुलाबा, सहा जण, रात्रीच्या महानगरीने परत भुसावळ. कुठे बसावं?

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. येत्या शनिवारी आम्ही सहा जण कामासाठी मुंबईत आहोत. काम फोर्टातच आहे, साडेपाचपर्यंत मोकळे होऊ. परतीचं तिकीट महानगरीचं, सीएसएमटीहून रात्री १२.१० ला, शनिवारच्याच तारखेचं. मधल्या वेळात फोर्ट-कुलाब्यात कुठेतरी नीट बसायचं आहे. डीजे, नाचगाणं नको. गप्पा ऐकू याव्यात एवढीच अपेक्षा.

सहापैकी तिघे व्हिस्की-रम घेणारे. एक २२ वर्षांचा आहे, तो बिअर म्हणतो. दोघे अजिबात घेत नाहीत आणि त्यातला एक शुद्ध शाकाहारी आहे. सवय आपल्याकडच्या परमिट रूमची, म्हणजे क्वार्टर मागवायची, शेंगदाणे आणि शेवभाजी घ्यायची, मग उठायचं. मुंबईत बिल कसं लागतं काही कल्पना नाही. बजेट माणशी हजार-बाराशे. प्रत्येकाकडे एक बॅग आहे. दोघांना सकाळी भुसावळला उतरून मोटारसायकलने सावदा आणि फैजपूरला जायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

गाडीबाबा, मनमाड

भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी तिकिटावरची तारीख बघा. १२.१० म्हणजे ००.१०, आणि रेल्वेत मध्यरात्री तारीख बदलते. शनिवारच्या तारखेची महानगरी म्हणजे शुक्रवारची रात्र सरल्यावर दहा मिनिटांनी सुटणारी. तुम्ही शनिवारी कामाला निघाल तेव्हा ती कधीच भुसावळ सोडून पुढे गेलेली असेल. शनिवारी रात्री बसायचं तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. ही चूक फार जण करतात, आणि कळते ती फलाटावर, डब्यात आपल्या सीटवर दुसरा माणूस बसलेला दिसल्यावर.

ऑनलाइन तिकिटाची तारीख बदलून मिळत नाही. जुनं रद्द करून नवं काढावं लागतं. जितक्या लवकर रद्द कराल तितके कमी पैसे कापले जातात, म्हणून आजच करा. रविवारच्या तारखेला वेटिंग दाखवत असेल तर तत्काळ शनिवारी सकाळी उघडेल, एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला. तेव्हा तुम्ही कामात असाल, म्हणून गावातल्या कोणाला तरी सांगून ठेवा. ज्याच्या खात्याला आधार जोडलेलं आहे असाच माणूस निवडा, नाहीतर तत्काळ निघणार नाही.

तापीकाठ, भुसावळ

तारीख शनिवारचीच होती. आत्ताच रद्द केलं, रविवारचं काढलं. चार कन्फर्म, दोन आरएसी. गाडीबाबा, मोठं काम केलंत.

गाडीबाबा, मनमाड

आरएसीत बसायची जागा नक्की असते, एका बाजूच्या बर्थवर दोघे. जे घेत नाहीत त्या दोघांना ती देऊ नका, त्यांना पूर्ण बर्थ द्या. सकाळी भुसावळ आलं की बाकीच्यांना तेच उठवणार आहेत.

रीगलनाका (मूळ चाळीसगाव, सध्या मुंबई)

आता जागांचं. एकाच ठिकाणी पाच तास बसलात तर बजेट मोडेल आणि कंटाळाही येईल. संध्याकाळचे दोन भाग करा, पहिला फोर्टात, दुसरा कुलाब्यात.

फोर्टात इराणी कॅफे आहेत. कॅफे मिलिटरी नगीनदास मास्टर रोडवर, १९३३ पासूनचं. कॅफे युनिव्हर्सल शहीद भगतसिंग मार्गावर, १९२१ चं, सीएसएमटीपासून पायी पाच-सात मिनिटं. दोन्हीकडे बिअर मिळते. मिलिटरी अगदी साधं आहे, उंच छत, वर पंखे आणि खिमा-पाव. ही ठिकाणं ऑफिस सुटल्यावरच्या माणसांची. तिथे सहाला जा आणि साडेसातला उठा. बावीस वर्षांच्या पोराची बिअर इथेच होऊन जाईल. अशी दुकानं मुंबईत एकेक करून बंद होत आली आहेत. जी उरली आहेत तिथे बसून चार पैसे खर्च करावेत असं मला मनापासून वाटतं. फोर्टात काम आणि संध्याकाळ मोकळी, असा योग आपल्याकडच्या माणसाला वारंवार येत नाही.

तिथून रीगल सिनेमापर्यंत चालत पंचवीस-तीस मिनिटं. टॅक्सीला कमीत कमी भाडं ३१ रुपये, पण एका टॅक्सीत चारच माणसं बसतात, म्हणजे दोन टॅक्सी लागतील. रिक्षा शोधत बसू नका, त्या भागात रिक्षाला परवानगीच नाही.

कुलाब्यात रीगलच्या चौकात कॅफे मॉन्डेगार, १९३२ चं. भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, एका भिंतीवर मुंबईचं जगणं आणि दुसरीवर त्याच कॅफेतली गिऱ्हाइकं. ज्यूकबॉक्स वाजत असतो, टेबलं एकमेकांना खेटून. शनिवारी साडेसातनंतर रांग लागते आणि सहा जणांना एक टेबल मिळणं कठीण. तिघे-तिघे बसायची तयारी असेल तर लवकर आत घेतात. पुढे कॉजवेवर लिओपोल्ड, १८७१ चं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथल्या भिंतीवर तशाच राखल्या आहेत. बघावं जरूर, पण दर पर्यटकांचे आहेत. तिघे व्हिस्कीवाले तिथे बसले तर हजार-बाराशे पुरणार नाहीत.

तुमच्या सवयीचं हवं असेल तर ताजच्या मागे टलक रोडवर गोकुळ आहे. तो खरा परमिट रूम. गर्दी, आवाज, टेबलावर पटापट येणारी ऑर्डर आणि त्या भागाच्या मानाने दर परवडणारे. व्हिस्कीवाल्या तिघांनी इथे बसावं. त्याच रस्त्यावर बडेमियाँ, १९४६ पासूनचं, सीख कबाब आणि बैदा रोटी. जेवण तिथे होईल.

त्याच भागात ताजमधला हार्बर बार आहे, १९३३ चा, मुंबईतला पहिला परवानाधारक बार. या बजेटात तो नाही, म्हणून फक्त सांगून ठेवतो.

शाकाहारी मित्राला इराण्याकडे किंवा बडेमियाँला उपाशी ठेवू नका. कुलाब्यातच कैलास पर्बत आहे, सिंधी खाणं : दाल पकवान, रगडा पॅटिस, छोले भटुरे. आठ वाजता सगळेच तिथे जा, पोटभर खा आणि मग बसा. पोटात काही असलं की पुढचे दोन तास सगळ्यांनाच बरे जातात.

हिशोबनीस, जळगाव

बिलाचं मी सांगतो.

पेग ३० मिलीचा छोटा, ६० चा मोठा. क्वार्टर १८० मिली, म्हणजे सहा छोटे किंवा तीन मोठे. नुसतं ‘एक पेग’ म्हटलं तर वेटर मोठा आणून ठेवू शकतो, म्हणून ‘थर्टी’ किंवा ‘सिक्स्टी’ म्हणून मागा. मेनूत दर बहुधा तीसचा लिहिलेला असतो, बिलात साठचा लागतो, आणि भांडणं नेमकी तिथून होतात. साध्या परमिट रूमला क्वार्टर मागवणं स्वस्त पडतं, तिघांत दोन क्वार्टर, म्हणजे माणशी चार छोटे. एसी आणि नॉन-एसीचे दर वेगळे असतात. एसीत बसण्याआधी तिथलं मेनूकार्ड मागून बघा.

सोडा, कोल्ड्रिंक, पाण्याची बाटली यांचे पैसे आपल्याकडच्यापेक्षा जास्त लागतात. तीन माणसं दोन तासांत सहज पाच-सहा सोडे संपवतात, आणि ती रक्कम कोणी धरलेलीच नसते. साधं पाणी मागा, देतात.

कर दोन वेगळे. दारूवर व्हॅट १० टक्के (नोव्हेंबर २०२३ आधी ५ होता), खाण्यावर जीएसटी ५ टक्के. दारूवर जीएसटी लागत नाही. बिलात दारूच्या रकमेवरही जीएसटी धरलेला दिसला तर तिथेच दाखवून दुरुस्त करून घ्या. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. नको असेल तर ‘काढून द्या’ एवढंच म्हणा, वाद घालायची गरज नाही. वेटरने मन लावून केलं असेल तर टीप त्याच्या हातात द्या.

परवाना. महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांचा, वर्षाचा १०० आणि आजीवन १,०००. बारमध्ये एक दिवसाचा तिथेच फाडतात, बिलात माणशी पाच रुपये दिसले तर ते त्याचेच. वयाचं नीट लक्षात ठेवा. माइल्ड बिअर आणि वाईन २१ पूर्ण झाल्यावर, व्हिस्की-रम २५ पूर्ण झाल्यावर. २२ च्या पोराला कोणी आपल्या ग्लासातून ‘चव’ देऊ नये, अडचण त्याची होते तशी बारवाल्याचीही. आधार सगळ्यांनी जवळ ठेवा, बॅगेत नको, खिशात.

आणखी एक. तिकडे कुठली निवडणूक आहे का ते आधी बघून घ्या. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मोजणीचा दिवस कोरडा असतो.

सातपुडा, नंदुरबार

कुलाब्याऐवजी वांद्रे धरता येईल का? आमच्याकडचे बरेच जण वांद्र्यालाच उतरतात, म्हणून विचारतो. पाली नाक्यावर जनता लंच होम स्वस्त आहे, आणि टोटोज गॅरेज, आतली सजावट मोटार गॅरेजसारखी.

रीगलनाका

वांद्र्याला उतरणाऱ्यांसाठी पाली नाका उत्तमच, शिवाय तिथे रिक्षा मिळते. पण यांची गाडी सीएसएमटीहून आहे. वांद्र्याहून हार्बर लोकलने अर्ध्या तासापेक्षा जास्त, त्यात पाली नाक्यावरून स्टेशन गाठायला शनिवारच्या गर्दीत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. महानगरी धरायची तर कुलाबा-फोर्ट सोडू नये.

शिवारकर, पाचोरा

एक सावधगिरीची गोष्ट. गेटवे आणि कॉजवेच्या आसपास रात्री ‘साहब, क्लब? अच्छा जगह है’ म्हणत मागे लागणारे असतात. हातात बॅग असलेले सहा पुरुष त्यांना लांबूनच दिसतात. मान हलवायची आणि चालत राहायचं. थांबून ‘किती?’ एवढंही विचारू नका. अशा ठिकाणी मेनूकार्डावर दर नसतात, दोन बिअरचं बिल हजारोंत येतं आणि दारात माणसं उभी असतात. कुठेही बसलात तरी नियम एकच : छापील दर असलेलं कार्ड हातात आल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. अडकलातच तर भांडू नका, ११२ लावा.

आणि बाटली घेऊन मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा गेटवेसमोर बसायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. आपल्या शिवारात भरीत पार्टी करतो तसं ते नाही. उघड्यावर प्यायलात तर पोलीस उचलतात आणि गाडी सुटते.

गाडीबाबा, मनमाड

वेळेचं उलटं गणित मांडतो. गाडी १२.१०. फलाटावर ११.४० ला. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवलेल्या बॅगा काढायला पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे स्टेशनात ११.२०. रीगलहून टॅक्सी दहा-पंधरा मिनिटं, पण शनिवारी दोन टॅक्सी मिळवायला तेवढाच वेळ आणखी. म्हणजे बारमधून १०.५० ला बाहेर. बिल १०.३० ला मागा, कारण गर्दीत बिल यायला आणि पैसे जमायला वीस मिनिटं जातात. शेवटची ऑर्डर सव्वादहाला, त्यानंतर ‘एकेक अजून’ नाही. बाराच्या आत निघालात तर टॅक्सीला रात्रीचं जादा भाडंही लागत नाही. ते बारा ते पाच, सव्वापट.

सीएसएमटीत १ ते ७ लोकलचे फलाट आहेत, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. फलाटाचा आकडा मोठा असेल तर पी. डि’मेलो रोडच्या बाजूने उतरणं सोयीचं. पण तुमच्या बॅगा क्लोकरूमला असतील, तर आधी तिथेच जा.

गाडीत उघडी बाटली काढायची नाही, पाण्याच्या बाटलीत मिसळून तर मुळीच नाही. नशेत डब्यात गोंधळ घातला तर रेल्वे कायद्याचं कलम १४५ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड. तिकीट असूनही खाली उतरवतात.

दवाखाना, चोपडा

सावदा-फैजपूरला मोटारसायकलने जाणाऱ्या दोघांसाठी. एक छोटा पेग, ३० मिली, ४२.८ टक्क्यांचा, शरीरातून निघून जायला साधारण तास-सव्वा तास लागतो. हा वेग वाढवता येत नाही, ना लिंबूपाण्याने, ना कॉफीने, ना झोपेने. झोप झाली म्हणजे उतरली असं नाही.

माणशी चार छोटे घेतले, आठला सुरुवात केली, तर रात्री एकच्या सुमारास उतरलेली असेल, सकाळी गाडी चालवायला हरकत नाही. पण तेच चार मोठे झाले, म्हणजे आठ छोटे, तर पहाटे चार-सहा वाजतात. त्यावर अर्धवट झोप आणि आरएसीची सीट. बारीक शरीराच्या माणसाला आणखी वेळ लागतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. त्यावर गेलात तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं एकवेळ सोडा. सावदा रस्त्यावर सकाळी केळीचे ट्रक असतात आणि तुमची प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने उशिरा होते. चारच छोटे, नाहीतर गाडी स्टॅंडवर राहू द्या आणि एसटीने जा.

प्रत्येक पेगमागे एक ग्लास साधं पाणी. स्ट्राँग बिअर आणि व्हिस्की एकाच रात्री नको. हिशोब ठेवता येत नाही, हेच त्यामागचं मुख्य कारण.

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, बठ्ठं ध्यानमा उनं. ठरलं असं : सहाला युनिव्हर्सल, आठला कैलास पर्बत, मग तिघे गोकुळला, बाकीचे तिघे मॉन्डेगारला, साडेदहाला बिल. सावदा आणि फैजपूरवाल्यांनी चार छोट्यांवर मान डोलावली आहे. एकच राहिलं : क्लोकरूमला काय लागतं?

गाडीबाबा, मनमाड

तिकीट, ओळखपत्र आणि बॅगेला कुलूप. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, चेन नुसती बंद असून चालत नाही. सहा छोटी कुलपं भुसावळातूनच घेऊन निघा. पावती ज्याच्या नावाची असेल तो माणूस मॉन्डेगारच्या गटात ठेवा, आणि पावतीचा फोटो दोन्ही गटांकडे असू द्या.