विवाल्दीच्या चित्रपटाचा शेवट तुम्हाला पटला का?

रात्रपाळी:
रात्री दीडला अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार विवाल्दी याच्यावरचा चरित्रपट संपला आणि मी रिमोट धरून तसाच बसलो. दीड तास व्हेनिस, अनाथ मुलींचा वाद्यवृंद, चर्चशी कटकटी. मग एकदम व्हिएन्ना, एक खोली, खोकला, पडदा काळा. मधलं रीळ कुणी कापलं की काय! आणि साठी उलटल्यावर हा माणूस व्हिएन्नाला गेलाच कशाला? अंत्यविधीला छोटा हायडन (पुढे मोठा संगीतकार झाला तो) गायला, तेही खरं का?

जुनी तबकडी:
हायडनची दंतकथा. तो तेव्हा व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये गाणारा पोरगा होता, पण विवाल्दीचा अंत्यविधी इतका साधा झाला की गायकवृंद असण्याची शक्यताच कमी.
बाकी शेवट घाईचा असला तरी खोटा नाही. व्हेनिसमध्ये त्याची चलती संपली होती, लोकांना नेपल्सच्या ऑपेराची गोडी लागलेली. १७३७मध्ये इटलीतल्याच फेरारा शहराच्या कार्डिनलनं, म्हणजे चर्चच्या बड्या धर्मगुरूनं, शहरात पाऊल टाकायलाच मनाई केली: पाद्री असून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणत नाही, वर गायिका आन्ना जिरोशी मैत्री. (मिस्सा न म्हणण्याचं कारण तो छातीचा विकार सांगे. त्याच छातीनं गावोगाव ऑपेरे उभे करी, त्यामुळे कार्डिनलला ते पटणं अवघडच.) राहता राहिला व्हिएन्नाचा सम्राट सहावा चार्ल्स, याचा चाहता. तो ऑक्टोबर १७४०मध्ये वारला. दुखवट्यात नाट्यगृहं बंद. जुलै १७४१मध्ये हाही गेला.

चौथी तार:
मी हौशी व्हायोलिनवाला, म्हणून माझं रडगाणं वेगळं. गोष्ट तिथे संपतच नाही! १९२६मध्ये इटलीतल्या पिडमाँट प्रांतातल्या एका धार्मिक शाळेनं जुने खंड विकायला काढले, त्यात याची हस्तलिखितं निघाली. खंडांचे क्रमांक सलग नव्हते. त्यावरून माग काढत उरलेले खंड जेनोवातल्या एका सरदार घराण्याकडे सापडले. दोन्ही वाटे तुरीनच्या ग्रंथालयासाठी घेतले गेले. पैसे दिले दोन वेगवेगळ्या बापांनी, दोघांचीही लहान मुलं वारलेली, त्यांच्या स्मरणार्थ. दिग्दर्शकाला हे दिसलं नाही?

रात्रपाळी:
म्हणजे त्या काळ्या पडद्यानंतर अजून १८५ वर्षं होती. आज शेवटची वीस मिनिटं परत लावतो. त्या खोलीत कुठे वह्यांची चळत ठेवलीय का, ते बघायचंय.